फर्माइशीची गाणी आणि गिटारवादक

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी गेली चार वर्षे गिटार शिकत आहे. सुरुवातीपासून माझा ओढा बोटांनी छेडून वाजवायच्या अभिजात रचनांकडे राहिला आणि त्यांतील सात-आठ रचना मला आता बऱ्यापैकी सफाईने वाजवता येतात. माझी अडचण निराळीच आहे. चार माणसे जमली आणि कोपऱ्यातील गिटार कुणाच्या नजरेस पडली, की "ते अमुक गाणे वाजव ना" असा आग्रह सुरू होतो. हे गाणे जवळजवळ नेहमी त्याच दहा-बारा लोकप्रिय गाण्यांपैकी एक असते आणि मला त्यांतील एकही पूर्ण येत नाही. मग मी माझी एखादी रचना वाजवतो. लोक शांतपणे ऐकतात, टाळ्या देतात आणि पुन्हा गप्पांकडे वळतात. माझ्या शिक्षकांच्या मते अशी गाणी वाजवल्याने हाताला आळस जडतो. मित्र म्हणतात, की जी गिटार कुणाच्या गाण्याला साथ देत नाही ती शिकून काय मिळवलेस? वारंवार मागितली जाणारी गाणी मी मुद्दाम शिकावीत का? शिकायची तर किती आणि कशी?

उत्तर : शिकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ती कशासाठी शिकायची हे आधी ध्यानात घेतले नाही, तर तुमच्या शिक्षकांनी व्यक्त केलेली भीती खरी ठरण्याचा संभव आहे.

तुम्ही वर्णन केलेला प्रसंग जरा बारकाईने पाहू. "अमुक गाणे वाजव" असे म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ते गाणे ऐकायचे नसते, गायचे असते. त्याला शब्द येत असतात, चाल पाठ असते, आणि आधाराला सूर व ठेका मिळाला तर आपणही गाऊ शकू असे त्याला तुमच्या हातातील वाद्य पाहून वाटू लागते. अशा वेळी तुम्ही वाजवलेली रचना कितीही सुंदर असली, तरी खर्ज, मधला भराव आणि सुरावट हे सारे एकाच वाद्यावर बांधलेले असल्यामुळे ती स्वतःत पूर्ण असते आणि गाणाऱ्याला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही. लोक गप्पांकडे वळतात याचा अर्थ त्यांना तुमचे वादन आवडले नाही, असा कृपया काढू नका. त्यांनी साथ मागितली होती आणि त्यांना एकल वादन मिळाले, इतकेच घडले आहे. एकल तबलावादन उत्तम करणारा कलाकार साथीला बसल्यावर वेगळ्या वृत्तीने वाजवतो, हे आपण तबल्याच्या बाबतीत सहज मान्य करतो. गिटारच्या बाबतीत मात्र ही दोन कामे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही वेगवेगळी शिकावी लागतात, ही गोष्ट अनेक शिक्षकसुद्धा सांगत नाहीत.

तुमच्या शिक्षकांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण त्यांना दिसलेला धोका मलाही अनेक विद्यार्थ्यांत दिसतो. चार सोप्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सुरांचे गट), उजव्या हाताचा एकच खाली-वर झाडण्याचा नमुना आणि त्यावर बसवलेली पन्नास गाणी, अशी ज्याची शिदोरी असते त्याचा हात खरोखरच वाढायचा थांबतो. पण हा दोष गाण्यांचा नाही, ती अर्धवट शिकण्याच्या सवयीचा आहे. मुखडा आला की गाणे आले असे समजणे ही या सवयीची खूण होय. मी स्वतः कित्येक वर्षे याच समजुतीत होतो. एकदा घरगुती बैठकीत एका वयस्कर गृहस्थांनी मोठ्या संकोचाने एक गाणे म्हणायला घेतले. मी मुखड्याला उत्तम साथ केली, त्यांचा आवाज मोकळा होत गेला, आणि अंतरा सुरू झाला तेव्हा माझ्याजवळ कॉर्डच नव्हत्या. मी चाचपडू लागलो, ते थांबले, "राहू द्या" म्हणाले आणि त्या संध्याकाळी पुन्हा गायले नाहीत. त्यांचे ते थांबणे माझ्या मनातून अजून गेलेले नाही. अर्धे गाणे वाजवायला घेण्यापेक्षा "हे मला येत नाही" असे आधीच सांगितले असते, तर ते बरे झाले असते.

ही गाणी सोपी असतात, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. डीप पर्पल या वाद्यवृंदाच्या 1972 सालच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची सुरुवातीची सुरावट असंख्य शिकाऊ वादक अगदी पहिल्या महिन्यात वाजवू लागतात. बहुतेक जण ती जाड तारांवर, पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) आणि षड्ज-पंचमाच्या जोड्यांनी वाजवतात. या वाद्यवृंदाचे मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर मात्र ती षड्ज-मध्यमाइतके अंतर असलेल्या सुरांच्या जोड्यांनी आणि पिकऐवजी बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचून वाजवतात, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी उमटतात आणि तिला ती ठाशीव धार येते. हजार वेळा ऐकलेल्या गाण्यातही कान देऊन शोधावे असे बरेच काही शिल्लक असते, हे यावरून ध्यानात यावे. तुमचा उजवा हात तर अभिजात पद्धतीने तयार झालेला आहे. अंगठ्याने खर्ज सांभाळून इतर तीन बोटांनी कॉर्डचे सूर सुटे छेडणे तुम्हाला आत्ताच येते, आणि नुसते झाडून वाजवणाऱ्या वादकाला हे जमवायला वर्ष-दीड वर्ष घालवावे लागते. ही सारी तयारी घेऊन तुम्ही साथीकडे वळणार आहात, याचा विसर पडू देऊ नका.

दुसऱ्यांची गाणी वाजवल्याने स्वतःचे काही निर्माण करण्याची शक्ती कमी होते, असेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बीटल्सचे सदस्य 1960 ते 1962 या काळात जर्मनीतील हँबर्गच्या क्लबांमध्ये रात्रीमागून रात्री कित्येक तास वाजवत असत आणि एवढा वेळ भरून काढण्यासाठी इतरांची लोकप्रिय गाणी मोठ्या संख्येने बसवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. 1963 साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममधील 14 गाण्यांपैकी 6 गाणी इतरांनीच रचलेली होती, उरलेली 8 त्यांची स्वतःची. केवळ त्या रात्रींमुळे ते मोठे झाले, असा दावा मी करणार नाही. परंतु दुसऱ्याचे गाणे मुळापासून शेवटापर्यंत वाजवताना मुखडा कुठे उचलला जातो, अंतऱ्यात कॉर्ड का बदलतात, पुन्हा ध्रुवपदावर येताना ताण कसा सैल केला जातो, हे बोटांना कळते, आणि ज्याला स्वतः चाली बांधायच्या असतील त्याला हे ज्ञान अन्य मार्गाने सहज मिळत नाही.

किती शिकावीत, या प्रश्नाला माझे उत्तर पाच असे आहे. संगणकावर मिळणाऱ्या शंभर गाण्यांच्या याद्या बाजूला ठेवा. जी गाणी तुमच्याकडे प्रत्यक्ष तीन-चार वेळा मागितली गेली आहेत, त्यांतून ही पाच निवडा, आणि निवडताना प्रत्येक गाणे तुम्हाला काहीतरी वेगळे शिकवील असे पाहा. एखादे सहा मात्रांच्या झोक्याचे असावे, एखादे संथ आणि सुट्या सुरांच्या साथीचे, एखादे असे की ज्यात बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबून धरायच्या कॉर्ड) टाळताच येणार नाहीत, एखादे मायनर कॉर्डवर उभे असलेले. ज्या गाण्याचा तुम्हाला मनापासून तिटकारा असेल ते घेऊ नका. नावडते गाणे हात वाजवतो, पण कान तिथे नसतो, आणि हे ऐकणाऱ्यालाही कळते.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरा फरक तिथेच पडतो. गाणे आधी गिटार हातात न घेता आठ-दहा वेळा ऐका आणि शब्दांसह म्हणा. आवाज चांगला नसला तरी म्हणा, कारण शब्द ठाऊक नसलेल्या साथीदाराला गाणारा कुठे श्वास घेणार, कुठली ओळ पुन्हा म्हणणार आणि समेवर कधी येणार, याचा अंदाज बांधता येत नाही. मग खर्जाचे सूर कानाने शोधून काढा, कारण ते सापडले की बहुतेक कॉर्ड आपोआप उघड होतात. त्यानंतरच तयार कॉर्ड लिहिलेला कागद उघडा आणि आपले उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. अशा कागदांवर, विशेषतः दोन मुख्य कॉर्डना जोडणाऱ्या मधल्या कॉर्ड, बऱ्याचदा चुकीच्या असतात किंवा गाळलेल्या असतात, म्हणून दोहोंत फरक आढळला तर पुन्हा गाण्याकडेच जा. गाण्याचा शेवट वेगळा बसवा. मूळ ध्वनिमुद्रणात पुष्कळदा आवाज हळूहळू विरत जातो, पण समोर माणसे बसलेली असताना तसे विरता येत नाही, आणि कुठे थांबायचे हे आधी ठरवलेले नसेल तर सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. शेवटी मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून सबंध गाणे न थांबता वाजवा. चूक झाली तरी मागे फिरू नका, कारण साथ करताना चुकलेला सूर क्षम्य असतो, पण मोडलेली लय गाणाऱ्याला खाली पाडते.

यासाठी रोजच्या रियाजातील पाव भाग पुरेसा आहे. उरलेला वेळ तुमच्या अभिजात रचनांचाच राहू द्या आणि शिक्षकांनाही हे विश्वासात घेऊन सांगा. पाच गाणी अशी झाली की सहावे शिकायला तुम्हाला पहिल्याच्या निम्माही वेळ लागणार नाही, कारण तोपर्यंत गाण्याची घडण ओळखीची झालेली असेल. आणि ज्याला फक्त स्वतःसाठीच वाजवायचे आहे, ज्याला माणसांत गिटार काढायचीच नाही, त्याच्यावर यांतले काहीच बंधनकारक नाही. मात्र तुमच्या पत्रातून तुम्हाला ती माणसांत काढावीशी वाटते हे दिसते, म्हणून एवढे लिहिले.

प्रश्न : मला नेहमी मागितली जाणारी वीसेक गाणी येतात आणि ती मी मूळ ध्वनिमुद्रणाबरहुकूम वाजवतो. तरीही गाणारे मध्येच अडखळतात; कुणी म्हणते फार उंच जाते, कुणी म्हणते खाली आवाजच निघत नाही. मूळ पट्टी सोडावी का?

उत्तर : निःसंकोच सोडावी. ध्वनिमुद्रण ज्या गायकाने केले त्याच्या गळ्याला ती पट्टी सोयीची होती, एवढाच तिचा अधिकार आहे. तुमच्यासमोर आज जो गातो आहे त्याची पट्टी ही त्या वेळेपुरती गाण्याची पट्टी होय. ही गोष्ट ज्याला मनोमन पटली, त्याची साथ त्याच दिवशी सुधारते.

बहुतेक जण गाण्याची पहिली ओळ म्हणवून घेऊन पट्टी ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण पहिली ओळ सहसा गळ्याच्या मधल्या भागात असते. गाणाऱ्याला गाण्यातील सर्वांत उंच जाणारी ओळ आधी म्हणायला सांगा. ही ओळ पुष्कळदा अंतऱ्यात असते. ती सहज म्हणता आली, तर मग सर्वांत खालची ओळ म्हणवून घ्या. दोन्ही जमल्या की त्यातील षड्ज गिटारवर शोधा. पुरुषाने गायलेले गाणे स्त्रीला गायचे असेल, किंवा उलट, तर पट्टीत अनेकदा मध्यमाइतका किंवा पंचमाइतका फरक करावा लागतो, त्यामुळे एखाद्या फ्रेटने (गिटारच्या मानेवरील आडव्या पट्ट्यांमधल्या एका घराने) सरकवून भागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता प्रत्यक्ष हाताळणी. गिटारवर प्रत्येक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर आणि 12 फ्रेट म्हणजे एक सप्तक. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, ज्या फ्रेटवर लावाल तितके अर्धे स्वर तुमच्या कॉर्डचे आकार, म्हणजे बोटांच्या ठेवणी, वर चढतात. हार्मोनियमसोबत गाणारी व्यक्ती "माझी काळी एक" म्हणाली तर तो सी शार्प होय, म्हणजे सीचे आकार ठेवून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा. "काळी चार" म्हणजे जी शार्प, त्यासाठी जीचे आकार आणि पहिला फ्रेट, किंवा ईचे आकार आणि चौथा फ्रेट. "पांढरी दोन" हा डी आहे, तो कॅपोशिवाय मिळतो. कॅपोने फक्त वर जाता येते. पट्टी खाली आणायची असेल तर आकारांचे कूळच बदलावे लागते. समजा गाणे डी, जी, ए आणि बी मायनर या कॉर्डवर आहे आणि गायकाला ते एका पूर्ण स्वराने उंच पडते. मग सी, एफ, जी आणि ए मायनर वाजवा. त्यातील एफची बार कॉर्ड अजून पक्की नसेल, तर पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जी, सी, डी आणि ई मायनर या आकारांनी तीच पट्टी मिळते.

हे पाठ करत बसण्यापेक्षा एक सवय लावून घ्या. कॉर्डना त्यांच्या अक्षरांऐवजी स्वरस्थानांनी ओळखा. वरच्या तिन्ही संचांत षड्ज, मध्यम, पंचम यांवरच्या मेजर कॉर्ड आणि धैवतावरची मायनर कॉर्ड, हेच चार जण आहेत, फक्त षड्ज वेगळा आहे. असंख्य लोकप्रिय गाणी या चौघांवर किंवा यांच्यात आणखी एक-दोन कॉर्ड मिळवून उभी असतात. गाणे "सा, प, ध, म" असे ध्यानात राहिले, की कोणत्याही पट्टीत ते वाजवायला कागद लागत नाही. एक बारीक सूचना : कॅपो लावल्यावर तारा किंचित ताणल्या जाऊन सूर चढतात, म्हणून प्रत्येक वेळी ट्यूनिंग पुन्हा तपासा. आणि सातव्या फ्रेटच्या वर कॅपो नेल्यास आवाजातील खर्ज जवळपास नाहीसा होतो, त्याऐवजी आकार बदलणे श्रेयस्कर.

प्रश्न : एका लोकप्रिय गाण्याची फर्माईश मला प्रत्येक कार्यक्रमात होते. ते शेकडो वेळा वाजवून मला त्याचा वीट आला आहे. नकार देणे योग्य ठरेल का?

उत्तर : हा वीट फार जुना आहे आणि फार मोठ्या कलाकारांच्या वाट्याला आलेला आहे. रशियन संगीतकार सर्गेई राखमानिनोव्ह यांनी 1892 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पियानोसाठी सी शार्प मायनरमधील एक प्रेल्यूड (छोटी वाद्यरचना) लिहिले. पुढे अनेक वर्षे श्रोते त्यांच्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी तेच मागत राहिले आणि ते त्या रचनेला कंटाळून गेले. तुमची भावना स्वाभाविक आहे, तिच्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नाही.

खासगी बैठकीत तुम्ही "आज हे नको, दुसरे घेऊ" असे सरळ म्हणू शकता, फक्त दुसरे कोणते ते त्याच वाक्यात सांगावे, म्हणजे मागणाऱ्याचा विरस होत नाही. मानधन घेऊन केलेल्या कार्यक्रमात मात्र, नकार द्यायचा असेल तर तो आयोजकांना आधी कळवायला हवा. मंचावरून श्रोत्याला नाही म्हणणे मला रास्त वाटत नाही. त्याने ते गाणे शेकडो वेळा वाजवलेले नाही. कदाचित तो वर्षातून एकदाच अशा ठिकाणी येतो आणि त्या गाण्याशी त्याचे काय नाते आहे हे तुम्हा-आम्हाला ठाऊक नसते.

नकारापूर्वी एक उपाय जरूर करून पाहा. वीट बहुधा गाण्याचा आलेला नसतो, हाताच्या ठरून गेलेल्या हालचालीचा आलेला असतो. ते गाणे वेगळ्या आकारांत, वरच्या फ्रेटवर बसवा. पहिला अंतरा नुसत्या खर्जाच्या तारांवर, दबत्या आवाजात वाजवा आणि ध्रुवपद येईपर्यंत पूर्ण कॉर्ड राखून ठेवा. लय आणि कॉर्डचा क्रम मात्र बदलू नका, कारण गाणारा त्यांच्याच आधाराने चालत असतो. मी असेच एक गाणे दोन वर्षे बंद ठेवले होते. पुन्हा काढले तेव्हा उजव्या हातातील पिक बाजूला ठेवून बोटांनी वाजवले, आणि दुसऱ्या अंतऱ्यातील एक ओळ इतकी हळवी आहे हे मला तेव्हा प्रथमच ऐकू आले.